विज्ञान कादंबरीतील स्पष्टीकरणाची पाने वगळून वाचावीत का?

विश्रामबागचा वाचक, सांगली (प्रश्न)

नमस्कार. मी मार्केट यार्डातील एका अडत दुकानात हिशेबाचे काम करतो, आणि रात्री जेवणानंतर झोप येईपर्यंत जेवढे वाचून होते तेवढेच माझे वाचन. शाळेत असताना मराठी विज्ञानकथा आवडीने वाचत असे. मग बरीच वर्षे ते वाचन मागे पडले. अलीकडे भाचीने पुण्याहून काही नव्या इंग्रजी कादंबऱ्या आणून दिल्या. त्या वाचताना एक प्रश्न मनात तयार झाला, तो येथील जाणकारांपुढे मांडतो. कथेतले शेवटचे रहस्य कोणाचेही फोडणार नाही याची काळजी घेतली आहे.

सर्वांत आधी अँडी विअर यांची 'प्रोजेक्ट हेल मेरी' (२०२१) वाचली. सूर्याची ऊर्जा खाणाऱ्या एका सूक्ष्म जीवामुळे सूर्य मंद होऊ लागला आहे, आजूबाजूच्या ताऱ्यांनाही हीच बाधा झाली आहे, आणि टाऊ सेटी नावाचा एकच तारा त्यातून वाचला आहे, म्हणून त्याचे कारण शोधायला एक यान पाठवले जाते. यानातला माणूस शाळेतला विज्ञान शिक्षक आहे. तिथे त्याला दुसऱ्या ताऱ्याकडून त्याच कामासाठी आलेला एक जीव भेटतो. त्याला डोळे नाहीत, तो आवाजावरून जग ओळखतो, त्याचे बोलणे सुरांचे आहे, आणि त्याच्या हवेत माणूस क्षणभरही जगणार नाही. दोघांच्या मध्ये कायम एक भिंत असते. त्या जिवाच्या समाजात एक रीत आहे की कोणी झोपला की दुसऱ्याने जागे राहून त्याच्यावर लक्ष ठेवायचे. आणि तो हे माणसासाठीही करू लागतो. त्या पानांवर मी बराच वेळ थांबलो. परग्रहावरच्या जिवाविषयी इतका जिव्हाळा वाटावा असे लिहिणे सोपे नाही.

परंतु या कादंबरीत दर काही पानांनी गणित येते. दाब किती, इंधन किती, दोरी किती लांब, यान किती वेगाने गरगर फिरवले म्हणजे आत वजन जाणवेल, अशा हिशेबांत तिचा बराच भाग जातो. सुरुवातीला मी ते लक्षपूर्वक वाचले, नंतर नुसती नजर फिरवली आणि शेवटी शेवटी सरळ पान उलटू लागलो.

याच्या अगदी उलट अनुभव सुझाना क्लार्क यांच्या 'पिरानेसी'चा (२०२०) आला. असंख्य दालनांचे एक घर आहे, दालनांत पुतळे आहेत, खालच्या मजल्यांवर समुद्र आहे आणि वरच्या मजल्यांवर ढग. तिथे राहणारा माणूस आपल्या वह्यांत भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवतो, तिथे सापडलेल्या मृतांच्या अस्थींची काळजी घेतो, त्यांना अन्नपाणी आणि कमळे नेऊन देतो. हे घर कोणी बांधले, तो तिथे कसा आला, याविषयी लेखिका बराच काळ काहीही सांगत नाही. तरीही मला कुठे अडखळायला झाले नाही. त्या माणसाला आपल्या घराविषयी जी कृतज्ञता वाटते तिच्यावर माझा पूर्ण विश्वास बसला.

लिऊ त्सिशिन यांच्या 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'विषयी माझे मत अर्धे-अर्धे आहे. सुरुवातीला १९६७ च्या चीनमधले सांस्कृतिक क्रांतीचे दिवस आहेत. भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाला जमावासमोर मारले जाते आणि त्याची मुलगी ते पाहते. हा भाग मी विसरू शकणार नाही. पुढे मात्र तीन सूर्यांच्या ग्रहाचे, त्या ग्रहाच्या खेळाचे आणि अणूच्या आतल्या कणांचे वर्णन वाढत गेले आणि माणसे पातळ होत गेली, असे मला वाटले. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची 'द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर' (२०२०) तर मी अर्ध्यावर ठेवली आहे. तिचे पहिले प्रकरण उत्तर प्रदेशातल्या उष्णतेच्या लाटेचे आहे आणि ते वाचताना मला अक्षरशः धडकी भरली. त्यानंतर झुरिचमधल्या बैठका, बँकांचे अधिकारी, चलनावरची चर्चा, इतिवृत्तासारखी प्रकरणे सुरू झाली आणि माझा धीर संपला.

म्हणून विचारतो. माझ्यासारख्या हौशी वाचकाने अशी स्पष्टीकरणाची पाने वगळून पुढे जावे का? त्यात कादंबरीचे काही महत्त्वाचे निसटते का, की ती पाने त्या विषयातल्या लोकांसाठीच असतात? आणि यानंतर एखादी कादंबरी सुचवायची झाली तर आपण कोणती सुचवाल?

भौतिकशास्त्राचा शिक्षक, सातारा

आपला प्रश्न मला फार आवडला, कारण कनिष्ठ महाविद्यालयातली मुलेही मला हेच विचारतात. माझे उत्तर असे की, सर्व कादंबऱ्यांना एक नियम लावू नये. 'हेल मेरी'तली गणिते वगळू नयेत. 'थ्री-बॉडी'तली बरीचशी वगळली तरी चालतील.

'हेल मेरी'त ती गणिते हीच त्या दोघांची ओळख आहे. त्यांना सामाईक भाषा नाही, सामाईक हवा नाही, शरीरात काहीच सारखे नाही. सारखे आहे ते एवढेच की दोघांच्याही जगात पदार्थ, काळ आणि वजन यांचे नियम एकच आहेत. म्हणून त्यांचा पहिला संवाद मापांवरून सुरू होतो आणि पुढचा सारा विश्वास त्यावर उभा राहतो. झोपेच्या वेळी लक्ष ठेवण्याचा जो प्रसंग आपल्याला भावला, तो त्याआधी दोघांनी मिळून केलेल्या हिशेबांमुळे भावतो, असे मला वाटते.

शिवाय ती गणिते खरी आहेत. टाऊ सेटी आपल्यापासून सुमारे १२ प्रकाशवर्षे दूर आहे. यान सतत दीड 'जी' त्वरणाने, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या दीडपटीने, निम्मे अंतर वेग वाढवत आणि उरलेले निम्मे अंतर वेग कमी करत गेले, तर पृथ्वीवर सुमारे १३ वर्षे जातात आणि यानातल्या माणसाची जेमतेम ४. मी हे बारावीच्या मुलांकडून फळ्यावर करून घेतले आहे. आइनस्टाइनच्या विशिष्ट सापेक्षतेच्या सूत्रांनी कादंबरीतले आकडे जुळतात. त्या मुलांपैकी काहींनी नंतर संपूर्ण कादंबरी मिळवून वाचली. हा तारा आपल्याकडून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. डिसेंबरच्या संध्याकाळी तिमिंगल तारकासमूहात त्याला शोधावे. दुसऱ्या जिवाचा तारा, म्हणजे ४० एरिडानी, यमुना समूहात आहे आणि १६ प्रकाशवर्षांवर आहे. तो अंधुक असल्यामुळे त्यासाठी शहराच्या दिव्यांपासून लांब, कास किंवा चाळकेवाडीच्या पठारावर जावे लागेल. या ताऱ्याभोवती ग्रह सापडल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले होते. तो संकेत ताऱ्याच्या स्वतःच्या हालचालींचा असल्याचे नंतरच्या निरीक्षणांतून दिसले. कादंबरी त्या दोन्हींच्या मधल्या काळात लिहिली गेली आहे, हे वाचताना लक्षात ठेवावे.

'थ्री-बॉडी'ची गोष्ट वेगळी आहे. परस्परांना ओढणाऱ्या तीन वस्तूंची गती सर्वसाधारणपणे एका नेटक्या सूत्रात बांधता येत नाही, आणि आरंभीच्या स्थितीतला किंचित फरकही पुढे मोठा होत जातो, हे फ्रेंच गणिती पॉइनकारे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवले. कादंबरीचा पाया एवढाच आहे आणि तो पक्का आहे. परंतु लेखकाने हा प्रसंग ज्या ताऱ्यांवर बसवला, ते नरतुरंग समूहातले मित्र नावाचे तारे प्रत्यक्षात असे वागत नाहीत. त्यातले दोन सूर्यासारखे तारे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती फिरतात, आणि तिसरा, प्रॉक्सिमा, इतका लांब आहे की त्याच्या एका फेरीला काही लाख वर्षे लागतात. ही रचना स्थिर आहे. सूर्याचा उपयोग रेडिओ संदेश वाढवण्यासाठी करणे, एका प्रोटॉनमधून अख्खे यंत्र उलगडणे, या सर्व कल्पना आहेत. त्या समजल्या नाहीत म्हणून वाचकाने खंत करू नये. आपल्याला जे विसरता येत नाही ते १९६७ चे प्रकरण चिनी पुस्तकात मध्यावर होते. केन लिऊ यांनी २०१४ च्या इंग्रजी अनुवादात लेखकाच्या संमतीने ते सुरुवातीला आणले, आणि माझ्या मते ते तिथेच शोभते. जिला माणसांविषयी आशाच उरली नाही ती प्राध्यापकाची मुलगी परग्रहावरच्यांना हाक मारते, हे कळण्यासाठी कणभौतिकी लागत नाही.

वाईकर

सरांशी मी सहमत नाही. वाचकाने खुशाल पाने उलटावीत. लेखकाला जे सांगायचे आहे ते माणसांच्या वागण्यातून उतरले नसेल तर चार पाने हिशेब लिहून ते उतरत नाही. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा पाहावी. विश्वासरावांना लागलेली गोळी त्यांना नुसती चाटून गेली असती तर, एवढ्या एका फरकातून वेगळा हिंदुस्थान उभा राहतो. इतिहासाचा प्राध्यापक त्यात वावरतो, ग्रंथालयात बसून स्वतःच्याच विषयाची अनोळखी पुस्तके वाचतो, आणि विज्ञानाचे स्पष्टीकरण अखेरीस दोन माणसांच्या गप्पांत थोडक्यात येते. साताऱ्याच्या गादीचा इतिहास घरोघर ठाऊक असलेल्या आपल्या भागातल्या माणसाला तर त्या कथेत काहीच समजावून सांगावे लागत नाही. साताऱ्याच्या साहित्य संमेलनाच्या वेळी, जानेवारी २०२६ मध्ये, मी ती कथा पुन्हा वाचून काढली आणि आजच्या सहाशे पानी कादंबऱ्यांपेक्षा मला ती अधिक समाधान देऊन गेली. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. त्यांच्यानंतर मराठीत असे कोण लिहिते आहे, हेही या चर्चेत कोणी सांगितले तर बरे होईल.

कराडची वाचक

वाईकर, नारळीकरांविषयी आपण लिहिले ते मनापासून पटले. तरीही कथा आणि कादंबरी यांची अशी तुलना मला योग्य वाटत नाही, कारण कथेला एक फरक दाखवायचा असतो आणि कादंबरीला त्या फरकात माणसे वर्षानुवर्षे कशी जगतात ते दाखवायचे असते.

विश्रामबागकर, आपण पुढची कादंबरी विचारली आहे. मी एन. के. जेमिसिन यांची 'द फिफ्थ सीझन' (२०१५) सुचवते. ती आणि तिचे पुढचे दोन भाग यांना २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षे सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो हा विज्ञानकथांसाठीचा पुरस्कार मिळाला; तोपर्यंत कोणत्याही लेखकाला असे सलग तीनदा मिळाले नव्हते. पण मी ती पुरस्कारासाठी सुचवत नाही. तिच्यातली जमीन सतत हादरत असते, आणि काही शतकांनी एकदा असा मोठा उत्पात होतो की आकाश राखेने झाकून जाते, पिके जातात, गावे एकमेकांवर दरवाजे बंद करतात. या जगात काही माणसे भूकंप शांत करण्याची शक्ती घेऊन जन्माला येतात. ती शक्ती वापरताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतात, त्यामुळे जवळ असलेला माणूस गोठून मरू शकतो. म्हणून त्यांची सर्वांना भीती वाटते. राज्य त्यांना लहानपणीच उचलून नेते, कडक शिस्तीत वाढवते, त्यांच्यावर पाळत ठेवते आणि कायद्याने त्यांना माणूसही मानत नाही. शहरे उभी आहेत ती मात्र त्यांच्याच जिवावर.

मी हे कराडमध्ये बसून वाचले. आमच्या घरात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेची आठवण अजून निघते. कोयनानगरच्या त्या भूकंपाची तीव्रता सहाच्या वर होती आणि त्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. धरणात पाणी साठू लागल्यानंतर तिथे धक्के वाढले, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे, आणि धरणांमुळे होणाऱ्या भूकंपांचा विषय निघाला की जगभर कोयनेचे नाव घेतले जाते. त्याचाच अभ्यास करण्यासाठी कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, आणि तिच्यासाठी कोयनेच्या परिसरात ३ किलोमीटर खोल विवर खोदले गेले. लेखिकेला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु ज्यांच्या जमिनी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेल्या आणि ज्यांच्या त्यागावर महाराष्ट्राला वीज मिळाली, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढच्या पिढ्यांपर्यंत रेंगाळत आला, हे पाहिलेल्या माणसाला या कादंबरीतला अन्याय नवा वाटत नाही. आधाराला ज्यांना घ्यायचे त्यांनाच दूर ठेवायचे, ही गोष्ट लेखिकेने कुठेही भाषण न करता दाखवली आहे. एका लहान मुलीला न्यायला माणूस येतो, तिच्या आई-वडिलांनी तिला गोठ्यात कोंडून ठेवलेले असते, आणि तो माणूस तिच्याशी प्रेमाने बोलतो. त्या प्रेमाचा पुढे काय अर्थ निघतो ते वाचताना अंगावर काटा येतो.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. या कादंबरीत स्पष्टीकरणाची पाने वगळण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ती पाने नाहीतच. सुरुवातीची बरीच प्रकरणे अनोळखी शब्दांनी भरलेली आहेत, तीन वेगळ्या बायकांच्या हकिकती आळीपाळीने येतात, आणि त्यातली एक तर वाचणाऱ्याला उद्देशून, द्वितीय पुरुषात सांगितली आहे. शेवटी शब्दसूची जोडलेली आहे, पण सुरुवातीला ती पाहू नये अशी माझी विनंती आहे. त्याच परिशिष्टात जुन्या उत्पातांची यादी आहे, ती मात्र मधेच केव्हाही वाचावी. केव्हा, कशामुळे आणि कोणाचे काय झाले याच्या त्या कोरड्या नोंदींत त्या जगाचा सगळा भूतकाळ आहे. आपण 'पिरानेसी'त न समजता पुढे जाऊ शकलात, म्हणजे इथेही जाल.

सांगलीवाडीचा रहिवासी

मला फक्त 'मिनिस्ट्री फॉर द फ्युचर'विषयी लिहायचे आहे, कारण ती अर्ध्यावर सोडावी असे मला वाटत नाही.

पहिले प्रकरण भयंकर आहे यात शंका नाही. हवेतली आर्द्रता आणि उष्णता मिळून वेट बल्ब तापमान ३५ अंशांवर गेले की घाम वाळत नाही, शरीर थंड होऊ शकत नाही, आणि निरोगी माणूसही सावलीत बसून काही तासांत मरतो. वीज गेलेल्या गावातले लोक तळ्यात उतरतात आणि तळ्याचे पाणीही गरम असते. हे वाचून आपल्याला धडकी भरली, मलाही भरली. पण मग पुढच्या बैठका कंटाळवाण्या का वाटल्या? त्या बैठका त्याच तळ्याविषयी आहेत.

सांगलीच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या भागात पाणी आले ते नदीतून आले हे खरे, परंतु ते किती येणार हे कोयनेतून किती विसर्ग करायचा आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात पाणी कोणत्या पातळीला ठेवायचे, याच्या निर्णयांशीही बांधलेले आहे, अशी इथल्या प्रत्येकाची समजूत आहे. अलमट्टीचा नेमका किती परिणाम होतो यावर तज्ज्ञांत वाद आहेत, आणि म्हणूनच दोन राज्यांच्या जलसंपदा खात्यांच्या बैठकांकडे आमचे डोळे लागलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे शाळेत न गेलेली बाईही क्युसेकचे आकडे विचारते. आकडे रूक्ष असतात हे ज्याच्या घरापर्यंत पाणी येत नाही त्याला वाटते.

रॉबिन्सन यांनी नेमके हेच लिहिले आहे. लाटेनंतर भारत इतर देशांची परवानगी न घेता वरच्या वातावरणात गंधकाचे कण सोडतो, जसे १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीने सोडले होते आणि पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने थंड झाली होती. मग त्यावर वाद होतात. कादंबरीतल्या त्या मंत्रालयाची प्रमुख, झुरिचमधली मेरी मर्फी, मध्यवर्ती बँकांच्या प्रमुखांना पटवत राहते की कोळसा आणि तेल जमिनीतच ठेवणाऱ्याला पैसे मिळावेत अशी चलनव्यवस्था करा. ते नकार देतात, ती पुन्हा जाते. अंटार्क्टिकात हिमनद्यांच्या बुडाचे पाणी उपसून त्यांचे घसरणे कमी करण्याचा उद्योग चालतो. यातले प्रत्येक प्रकरण लहान आहे. शंभराहून अधिक प्रकरणे आहेत आणि काही तर दीड-दोन पानांची आहेत. सगळीच चांगली नाहीत. अर्थशास्त्रावरची काही प्रकरणे लेखकाने आणखी कसून लिहायला हवी होती, आणि भारताविषयी त्यांची आशा मला जरा घाईची वाटली. पण पहिल्या प्रकरणातल्या लाटेतून जिवंत राहिलेल्या त्या एका माणसाचे, फ्रँकचे, पुढे काय होते हे बैठकांच्या मध्ये मध्ये येत राहते. आपत्तीतून जगलेल्या माणसाला नंतरची वर्षे कशी जातात, हे इतक्या प्रामाणिकपणे लिहिलेले मी दुसरीकडे वाचलेले नाही. बैठका वगळल्या तर फ्रँकचा राग कशावर आहे तेच कळणार नाही.

विश्रामबागचा वाचक, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. सर, टाऊ सेटीच्या प्रवासाची ती आकडेमोड आपण येथे पायरी-पायरीने लिहिलीत तर माझ्या भाचीला फार उपयोग होईल. ती यंदा बारावीला आहे.

सांगलीवाडीकर, आपले म्हणणे वाचल्यावर मी काल रात्री 'मिनिस्ट्री' पुन्हा हातात घेतली आणि बँकांच्या बैठकीचे प्रकरण सावकाश वाचले. समोरचे लोक नाही म्हणतात तेव्हा मेरी मर्फीला जी चीड येते ती या वेळी मला जाणवली. दुकानात हिशेब करतानाही मी आकड्यामागे शेतकरी कोण आहे हे पाहतोच, मग कादंबरीत का पाहू नये, असे वाटले. आता ती पूर्ण करीन आणि मगच 'फिफ्थ सीझन' घेईन. कराडच्या ताई, शब्दसूची आधी पाहणार नाही.

'थ्री-बॉडी'विषयी मात्र माझे मत तेच आहे. मुलीचे पात्र सोडले तर त्यातली माणसे कल्पना वाहून नेण्यासाठी आणलेली वाटतात, आणि हे विज्ञान समजल्याने किंवा न समजल्याने बदलत नाही. त्याचे पुढचे दोन भाग कोणी वाचले असतील आणि त्यात माणसे अधिक भरीव झाली असतील, तर तसे जरूर कळवावे. वाईकरांनी नारळीकरांनंतरच्या मराठी लेखकांविषयी विचारले आहे, त्याचेही उत्तर मला हवे आहे.